वारुळातली भिंत

फार जुनी गोष्ट. चिंचेखालच्या वारुळात तेव्हा एकच वाट होती. जाणारी आणि येणारी मुंगी समोरासमोर आली की मिशीला मिशी लावून विचारायची, “जेवलीस का गं?” यात फार खोळंबा होतो, म्हणून वारुळाची आखणी करणाऱ्या मुंगळेरावांनी वाटेच्या मधोमध भिंत घातली. एक बाजू जायची, एक यायची. सगळ्या लवकर घरी पोचू लागल्या.

सगुणा मुंगीची लेक ठकी मात्र बोलेनाशी झाली. सगुणेने आधी साखर बदलून पाहिली, मग स्वतःलाच बोल लावला. ‘बाकीच्यांची पोरं कशी छान असतात. मीच आई म्हणून कच्ची.’ पूर्वी असं काही मनात आलं की ती वाटेत कुणाला तरी विचारायची. आता पुढे नुसत्या पाठी दिसत.

एकदा ठकीला घेऊन जाताना तिला रडूच फुटलं. रडता रडता ती भिंत कुरतडत बसली. भोक पडलं आणि पलीकडून इंदूवहिनींची मिशी आत आली.

“जेवलीस का गं?”

“मी जेवले हो. पण ठकी बोलत नाही.”

“तुझीही? मला वाटलं, आमचा बंडूच घुम्या!”

“बंडू आहे तिकडे?” ठकीने विचारलं.

भोक बुजवायला मुंगळेराव स्वतः आले, तोंडात ओली माती धरून. तेवढ्यात पलीकडून एक इवलीशी मिशी त्यांच्या गालाला लागली.

“काका, जेवलात का?”

उत्तर द्यायचं तर तोंडातली माती खाली ठेवावी लागणार होती. मुंगळेरावांनी ती ठेवली.

“नाही रे बंडू,” ते म्हणाले. “हल्ली जेवणच जात नाही.”