पिवळा चीक

फार पूर्वी जनावरं बोलायची आणि माणसं ऐकायची नाहीत. त्यातलं पहिलं आता बंद पडलंय. त्या काळी एका गावात एक भारी शहाणी सासू होती. बाळंतिणीनं काय खावं, कसं निजावं, सारं गाव तिलाच विचारी.

एकदा तिच्याच घरी, एकाच सकाळी, गोठ्यात म्हैस व्याली आणि खोलीत सून बाळंत झाली. म्हशीला रेडी, सुनेला मुलगी.

सासूनं म्हशीचा चीक काढला, गूळ-वेलदोडा घालून खरवस केला. अख्खी आळी बोटं चाटत बसली. सासू म्हणाली, "खा गं. चिकाइतकं ताकदीचं दुसरं काही नाही."

आत सुनेनं मुलीला छातीशी घेतलं, तशी सासू खरवसाची वाटी टाकून धावली.

"ठेव तिला खाली. पिवळं दूध नासकं असतं. पिळून टाक, आणि तीन दिवस लावू नकोस. मधाचं बोट चाटव."

"आत्याबाई, ती तोंड उघडून शोधतेय."

"मला शिकवतेस? सहा बाळंतपणं झालीत माझी."

त्यातली जगली किती, हे सुनेनं मनात विचारलं. सुनांचे बरेच प्रश्न तिथंच राहतात.

चौथ्या दिवशी मुलीला छातीशी लावलं, तर तिला ओढायची ताकद नाही आणि सुनेला दूध नाही. मग अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली. बघायला आलेल्या बायका लाडू खात म्हणाल्या, "हिच्या माहेरचं अंगच कोरडं."

म्हशीला राहवेना. ती म्हणाली, "मालकीणबाई, माझी रेडी पहिल्या घटकेपासून ढुसण्या देतेय, म्हणून मला पान्हा फुटला. जिनं दूध आणायचं, तिलाच तुम्ही लांब ठेवलंत."

"आता जनावर मला अक्कल शिकवणार," असं म्हणून सासूनं तिच्या पाठीत काठी घातली.

बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं. अकराव्या दिवशी मुलगी गेली. नाव ठेवायचं राहिलंच, म्हणून हाक मारून रडायचीही सोय नव्हती.

त्या संध्याकाळी गोठ्यात रेडी भुकेनं ओरडली, आणि आत सुनेची चोळी दुधानं भिजली.

सासूनं ते पाहिलं आणि ती शेजारणीला म्हणाली, "बघ, आला ना माझ्या लाडवांचा गुण?"

बोध: जो शहाणपणा भुकेल्या लेकराला आईपासून तोडतो, तो लेकरू गेल्यावरही शहाणाच राहतो, म्हणून त्याचं ऐकणं वेळीच सोडावं.