खाच जुळली म्हणून

एकदा एका व्यापारी पेठेत एक वृद्ध कारागीर होता, आणि तो लॅपटॉप दुरुस्त करीत असे. हसू नका. ज्ञानी माणसाने वडाखालीच बसावे असा काही नियम नाही. या गृहस्थाच्या डोक्यावर कळकट पंखा होता, समोर स्क्रूंनी भरलेली वाटी होती, आणि सारी पेठ त्याला आण्णा म्हणत असे. त्याच्या हाताखाली सुजय नावाचा एक तरुण शिकत होता. हात मोठा चपळ, पण स्वभाव म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आण्णांचा संथपणा त्याला मुळीच सोसत नसे.

एके दिवशी संध्याकाळी आण्णा समोरच्या टपरीवर चहाला गेले होते. तेवढ्यात मसाल्याचे व्यापारी मगदूमशेठ टॉवेलात गुंडाळलेला जुना लॅपटॉप छातीशी धरून दुकानात शिरले. बसलेसुद्धा नाहीत.

"याचा वेग वाढवून पाहिजे. आत्ता, माझ्यासमोर."

सुजयने लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला. "फार जुना आहे हो शेठ. नवाच का नाही घेत?"

"घेतला होता. हिचा बोलायचा प्रोग्राम त्याच्यावर चालेना. तो यावरच चालतो."

ही म्हणजे त्यांची पत्नी पद्माताई. एका दुर्धर आजाराने त्यांची वाचा गेली होती, हातपाय गेले होते, उजव्या हाताचे एक बोट तेवढे उरले होते. त्या बोटाने त्या एकेक अक्षर टिपत, आणि वाक्य पुरे झाले की लॅपटॉप ते मोठ्याने म्हणून दाखवी. पण हल्ली तो फार रेंगाळू लागला होता. कधी वाक्याच्या मध्येच अडून बसे, आणि त्या माउलीला पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर घरी येणार होते. पद्माताईंना श्वास पुरेनासा झाला होता. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची की नाही, ते त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगायचे होते.

"डॉक्टर काय तासभर थोडेच बसणार आहेत?" शेठ म्हणाले. "तिला झटपट बोलता आलं पाहिजे. कर काहीतरी, बाळा."

आता असे कोणी म्हटल्यावर विशीतला मुलगा थांबतो होय? सुजयने मागचे झाकण उघडले. काम करताना यंत्राला जी तात्पुरती स्मृती लागते, तिची एक बोटभर पट्टी असते. तिला रॅम म्हणतात. जुनी पट्टी त्याने काढून बाजूला ठेवली. खणातून दुप्पट क्षमतेची पट्टी काढली. तिच्या कडेची खाच लॅपटॉपातल्या खाचेला तंतोतंत जुळली, दाबताच टक् आवाज झाला. सुजयचा चेहरा खुलला. त्याने झाकण लावले, बॅटरी बसवली आणि बटणाकडे बोट नेले.

त्या बोटावर एक सुरकुतलेला हात येऊन पडला. आण्णा केव्हा आत आले, कोणाला कळलेच नव्हते. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, बॅटरी खेचून काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

शेठ उसळले.

"आण्णा! डोकं फिरलंय का तुमचं? पोरगं करत होतं ते बरं करत होतं! द्या ती बॅटरी!"

"नाही द्यायची."

"अहो, उद्या सकाळी डॉक्टर यायचेत! हिच्या जिवाचा प्रश्न आहे, कळतंय का? नसेल द्यायची तर दुसरीकडे जातो. पेठेत तुमचं एकट्याचंच दुकान नाही!" शेठनी लॅपटॉपावर झडप घातली. आण्णांनी दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि ते तसेच उभे राहिले. वय झालेले हात, पण हलेनात. आपले गुरुजी गिऱ्हाइकाशी हातघाईवर आलेले सुजयने कधी पाहिले नव्हते.

"सुजय," आण्णा शेठवरची नजर न काढता म्हणाले, "जुनी पट्टी उचल. तिच्यावर काय छापलंय, वाच. व्होल्टचा आकडा."

"एक पॉइंट पस्तीस."

"आता तू घातलीस तिला किती लागतात?"

आण्णांनी तळवे जरा बाजूला घेतले. सुजयने झाकण पुन्हा उघडले, पट्टी बाहेर काढून उजेडात धरली. त्याचा आवाज खाली गेला. "दीड." मग तो कळवळून म्हणाला, "पण आण्णा, खाच तर बरोबर जुळत होती!"

"खाच जुळली म्हणून सोयरीक जुळते का रे?" आण्णा म्हणाले. "हे यंत्र एक पॉइंट पस्तीसच्या वर द्यायला बांधलेलंच नाही. तुझी पट्टी त्याच्याकडे दीड मागणार. म्हणजे ती अर्धपोटी राहणार. बहुतेक वेळा असा लॅपटॉप चालूच होत नाही, आणि ते परवडतं, कारण चूक लगेच कळते. मला भीती दुसरीच होती. कधीकधी तो चालू होतो. आत्ता चालू झाला असता, तर शेठ तो उचलून घरी गेले असते, आणि त्यांना अडवायची माझी काय ताकद? मग उद्या ताईंचं बोट चालू असताना, डॉक्टरांसमोर, यानं मान टाकली असती. जाताजाता तो प्रोग्रामही नासवून गेला असता तर कोणी आणून दिला असता परत? शेठ, आपल्याला नवी वस्तू भारी दिसली की आपण ती आपल्या माणसाच्या अंगात घालायला धावतो. आपली माया खोटी नसते. पण जे जुनं आहे ते कशावर जगतंय, हे आधी बघायला नको?"

शेठ मटकन स्टुलावर बसले.

"मग आता?"

"जुळणारी पट्टी मागवावी लागेल. उद्यापर्यंत ती येणार नाही. तोवर आहे तोच हलका करून देतो."

आण्णांनी जुन्या पट्टीचे टोक खोडरबराने घासून स्वच्छ केले, पंख्यातली धूळ झटकली, पट्टी जागच्या जागी बसवली, खिशातली बॅटरी काढून लावली. मग सुजयने सुरुवातीला आपोआप उघडणारी नको त्या प्रोग्रामांची खोगीरभरती बंद केली. यंत्र सुरू झाले. वेग काही वाढला नाही, पण अडणे पुष्कळ कमी झाले. शेठ मात्र पडद्याकडे बघतच नव्हते.

"आण्णा," ते हळूच म्हणाले, "खरं सांगू? नळी बसवायचीच, असं मी ठरवूनच टाकलंय. तिनं डॉक्टरांसमोर फक्त 'हो' म्हणायचं होतं. म्हणून ही घाई. तिला काय वाटतं, ते मी विचारलंच नाही हो. ती मला जगायला हवी आहे, एवढंच मला ठाऊक."

आण्णांचे डोळे भरून आले. "डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, शेठ. पण तिला विचारा. आणि ती बोलेपर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मगदूमशेठ पुन्हा आले. सुजयने न सांगता स्टूल पुढे सरकवले.

"डॉक्टर घड्याळाकडे बघत होते," शेठ सांगू लागले. "मी म्हटलं, हात जोडतो साहेब, थांबा. तिचं बोट चाललं होतं. घरात कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता, तिचा सोडून. मला वाटलं, एक 'हो' लिहायला इतका वेळ कशाला? शेवटी ते यंत्र बोललं. काय बोललं माहीत आहे? 'नळी घातल्यावर मला वास येईल का?'"

आण्णांनी हातातले काम खाली ठेवले.

"डॉक्टर खाली बसले. म्हणाले, नाही ताई, हवा नाकातून जाणार नाही, त्यामुळे वास बराचसा जाईल. आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मग सगळं नीट बोलणं झालं. श्वासाला मदत करणारा नाकावरचा मास्क जमेल तितके दिवस वापरायचा. तो पुरेनासा झाला की नळी. पण कधी, ते तीच सांगणार."

शेठनी उपरण्याने डोळे पुसले.

"आण्णा, आमच्या प्रत्येक घाण्याचा भाजलेला मसाला मी अजून मूठभर घरी नेतो आणि तिच्या नाकाशी धरतो. तिनं डोळे मिटले की जमला, नाही तर पुन्हा भाजायचा. तिच्या नाकावर माझं दुकान उभं आहे. आणि हे मला सुचू नये? मला!"



परक्या माणसाला आपण विचारून तरी घेतो हो. जे आपलेच आहेत, त्यांना विचारायचेच तेवढे राहून जाते.