सांगलीचं दही

गुंतवणूक कंपनीच्या राजाध्यक्ष साहेबांना एक खोड होती. छोट्या धंद्यात पैसा घातला, की त्याच्या मालकाला ते दर सोमवारी मुंबईला बोलावून विचारत, "किती वाढलात?" सांगलीचे डेअरीवाले आप्पा चौगुले या फेऱ्यांनीच मेटाकुटीला आले आणि त्यांच्या नव्या प्लँटचं काम रखडलं.

साहेबांनी फर्मावलं, "वाढ दिसत नाही. पैसे काढून घेऊ."

आप्पांची डेअरी निवडली होती साहेबांच्या हाताखालच्या शर्वरीने. ती माघार घेणारी नव्हती. पुढच्या बैठकीत तिने साहेबांपुढे दह्याच्या दोन वाट्या ठेवल्या. एकीत घट्ट कवडी दही होतं, दुसरीत नुसतं पाणी सुटलेलं, मोडलेलं दही.

साहेबांनी नाक मुरडलं. "याचं विरजण बिघडलंय."

"दूध आप्पांचंच, विरजणही एकच, साहेब. पहिलं मी झाकून ठेवलं. दुसऱ्याकडे तुमच्यासारखं लक्ष दिलं. लागलं का, लागलं का, म्हणत सारखा चमचा घालून पाहिलं."

बैठकीत कुणाची हसायची छाती झाली नाही. साहेबांनी घट्ट दह्याची वाटी जवळ ओढली.

"आप्पांना म्हणावं, सोमवारी येऊ नका. प्लँट सुरू झाला, की मीच बघायला जाईन."

"जरूर जा, साहेब," शर्वरी म्हणाली, "फक्त चमचा इथेच ठेवून जा."