चिवड्याच्या पाकिटावरचं तोंड

खमंगगडच्या तुंदिलराजांनी शाही चिवडा पाकिटात भरून विकायचा हुकूम काढला, इथवर ठीक होतं. पण प्रत्येक पाकिटावर स्वतःचं तोंड छापायची अवदसा त्यांना आठवली आणि सगळा घोटाळा झाला!

चिवडा संपला की पाकीट टाकायचं कुठे? जाळावं तर राजाचं तोंड जळतं. पुरावं तर मातीत जातं. नदीत सोडावं तर गटांगळ्या खातं. आणि चुकून पायाखाली आलं, तर विचारूच नका! राजाच्या तोंडाचा अपमान केला की शिक्षा एकच: गाढवावर उलटं बसवून हद्दपार.

भंगारवालासुद्धा पाकिटाला हात लावेना. "कागद म्हणावा तर कागद नाही, चांदी म्हणावी तर चांदी नाही. वितळवून दुसरं काही होत नाही. घेऊन काय करू, पूजा?" असं म्हणून तो पुढच्या दाराला जायचा.

मग काय! लोक रिकामी पाकिटं आणून राजवाड्याच्या परसात ठेवत, नमस्कार करत आणि पळ काढत. ढीग वाढत वाढत राणीसाहेबांच्या खिडकीला टेकला. वारा सुटला की दहा हजार तुंदिलराजे एकदम कुरकुरायचे. राणीसाहेब कपाळावर हात मारून म्हणत, "अगं बाई, एकच सांभाळताना नाकीनऊ येतात!"

त्यात एक दिवस हैबती बुरूड पकडला गेला. बिचारा सुपं-टोपल्या विणून पोट भरणारा माणूस. छप्पर गळत होतं, म्हणून त्यानं भोकात एक पाकीट खोचलं होतं. राजाचं तोंड पावसात भिजवलं, हा गुन्हा! शिपाई गाढव शोधायला निघाले आणि हैबतीची मुलगी येसू तडक दरबारात शिरली.

"महाराज, माझ्या बापाला सोडा! तीन वर्षं प्रधानजींकडे अर्ज करतोय, छप्पर गळायचं थांबलं नाही. तुमचं तोंड लावलं आणि एका क्षणात थांबलं! याला अपमान म्हणायचं की पराक्रम?"

राजे मिशीत हसले. पण प्रधान घारोपंत खेकसले, "कायदा म्हणजे कायदा!"

"खरंय," राजे म्हणाले. "पण पोरी, तू हुशार दिसतेस. आठ दिवसांनी राजकन्येचं लग्न ठरवायला व्याही येताहेत. तोवर परसातला ढीग नाहीसा कर! जाळायचा नाही, पुरायचा नाही, हद्दीबाहेर न्यायचा नाही आणि माझ्या तोंडाला कात्री लावायची नाही. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर दोन गाढवं लागतील!"

"एकच पुरे होईल, महाराज," येसू म्हणाली आणि चालू लागली.

तिनं सगळी बुरूडआळी कामाला लावली. आधी पाकिटं रिठ्याच्या पाण्यात धुतली, कारण मुंग्यांना राजाच्या तोंडाचा काडीचाही धाक नव्हता. मग प्रत्येक पाकिटाची घडीवर घडी घातली. तोंड आत, चंदेरी बाजू बाहेर! कात्री नाही, सुरी नाही. घड्यांत घड्या अडकवून लांबच लांब पट्ट्या झाल्या आणि बांबूच्या कामट्या विणाव्यात तशा त्या बायकांनी विणायला घेतल्या. सुपं झाली, परड्या झाल्या, बाजाराच्या पिशव्या झाल्या, पावसात डोक्यावर घ्यायची इरली झाली.

गाव नुसता तुटून पडला! पहिलं सूप कुणी नेलं असेल? घारोपंतांच्या बायकोनं! शिवाय तीन पिशव्या. या वस्तूंची खोड एकच, हात लावला की कुर्रर्र वाजायचं. पण त्यामुळे चोरांची पंचाईत झाली. पिशवी उचलली की अख्खी आळी जागी! दोघा चोरांनी तर कंटाळून शेळ्या पाळल्या.

आठव्या दिवशी परस लख्ख झालं. शेवटच्या पाकिटांची येसूनं एक ऐसपैस बाज विणली आणि ती दरबारात आणून ठेवली. बांबूची चौकट, वर चंदेरी वीण. बघणाऱ्याचे डोळे दिपले. प्रवासानं दमलेले व्याही "आहा!" करत बसायला वाकले, तोच येसूनं हात आडवा केला.

"माफ करा, व्याहीमहाराज! पहिला मान आमच्या राजांचा."

राजे खूश! त्यांनी बाजेवर बैठक मारली, कुर्रर्र! मागेपुढे झुलून पाहिलं. "वा! सिंहासनापेक्षा बरी आहे. ते मेलं टोचतं."

घारोपंतांच्या पोटात दुखायला लागलं. ते बाजेखाली वाकले, एक घडी बोटानं उलगडली आणि किंचाळले, "घात झाला महाराज! घडीत आपलं तोंड आहे! या बाजेत सगळीकडे आपलीच तोंडं आहेत!"

राजे बसल्या जागी लालबुंद झाले. "काय? माझ्या तोंडावर बसायची हिंमत कुणी केली?"

घारोपंतांनी येसूकडे बोट दाखवलं.

"मी नाही बाई!" येसू म्हणाली. "मी विणली आणि लांब उभी राहिले. व्याहीमहाराज बसत होते, त्यांनाही मीच अडवलं. आता कोण बसलंय ते तुम्हीच सांगा, महाराज. गाढव दारात उभंच आहे!"

राजांनी हळूच खाली पाहिलं. उठायला गेले, कुर्रर्र! पुन्हा बसले, कुर्रर्र! व्याह्यांनी उपरण्यात तोंड लपवलं, तरी त्यांचे खांदे हलायला लागले. आणि मग तुंदिलराजेच असे खदखदून हसले, की बाज अंगणातल्या कोंबड्यांना ऐकू जाईल इतकी वाजली.

"हरलो! हरलो गं पोरी! हैबतीला सोडा! आणि तो कायदा आत्ताच्या आत्ता रद्द करा! बोल येसू, बक्षीस काय हवं?"

"पाकिटावरचं तोंड काढा, महाराज."

"काढलं! पण मग त्या जागी छापू काय?"

"आत चिवडा किती आणि नुसती हवा किती, ते!"

राजे हसता हसता बाजेवर आडवेच झाले. तशाच अवस्थेत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि हैबतीला राजवाड्याचा बुरूड नेमलं. व्याह्यांनी लग्न तिथल्या तिथे पक्कं केलं, पण एका अटीवर. मुलीबरोबर अशा चार बाजा पाठवायच्या!