ढगाळ सकाळच्या सायकली

एका जंगलाच्या मधून एक डांबरी रस्ता गेला होता. रस्त्याच्या अलीकडे एक डबके होते आणि त्यात एक कासव राहत असे. चैत्र लागला तसे डबके आटू लागले. पलीकडे भरलेला तलाव होता. पण मध्ये सायकलींची रीघ. मोहफुले वेचणारे, दूधवाले, बाजारकरी, सारे सायकलीवरूनच जात. भर दुपारी रस्ता मोकळा असे, पण तेव्हा डांबर तव्यासारखे तापे. रात्री तिथे तरस हिंडत असे.

कासवाने कावळ्याला विचारले, "कावळेदादा, तुम्ही उंचावर बसता. या सायकली कधी थांबतात हो?"

"त्यात काय," कावळा म्हणाला. "आभाळ भरून आले की माणसे घरात बसतात. श्रावणात मी स्वतः पाहिले आहे. ढग आले की खुशाल नीघ. तुझ्या चालीने पलीकडे पोचेपर्यंत श्रावणच येईल म्हणा."

लवकरच एक सकाळ ढगाळ उजाडली. कासव निघाले. रस्त्यावर जेमतेम चार पावले टाकली, तोच घंट्या किणकिणू लागल्या. एरवी नसत इतक्या सायकली आल्या. एक चाक पाठीला घासून गेले. कासव कसेबसे मागे सरकून गवतात शिरले. "आज ऊन नाही ते बरे," एक बाई शेजारून सायकलीवर चाललेल्या जावेला म्हणाली. "काल बाहेर पाय टाकवत नव्हता. आजच बाजार उरकून घेऊ."

कासव विचारात पडले. मुलांनो, गंमत पाहा. ढग श्रावणात माणसांना घरात बसवतात आणि चैत्रात बाहेर काढतात. मग सायकल थांबते तरी कशाने? डबक्यात आता नुसता चिखल उरला होता, तरी कासव गवतात बसून रोज रस्ता पाहू लागले. गार पहाटे सायकली पुष्कळ. वळवाचे चार थेंब पडले तरी कोणी थांबत नसे. पण समोरून वारा सुटला, की तीच माणसे पायडलवर उभी राहत, धापा टाकत, आणि शेवटी खाली उतरून सायकल हाताने ढकलत.

एका संध्याकाळी आभाळ भरले आणि धुळीचे वादळ उठले. माणसांनी वडाला सायकली टेकवल्या आणि तोंडावर पदर, पंचे ओढून ती खाली बसली. कासव रस्त्यावर आले.

"वेडबिड लागले का तुला?" कावळा फांदीवरून ओरडला. "इथे मला फांदी धरवत नाही."

"तुम्ही पंखांवरचे, ते चाकांवरचे," कासव म्हणाले. "वारा तुम्हाला अडवतो. मला जमिनीला चिकटूनच चालायची सवय आहे."

धूळ खाली बसून पहिली घंटी वाजली, तेव्हा कासव तलावात उतरले होते.

तात्पर्य : एका ऋतूत पाहिलेले दुसऱ्या ऋतूत खरे ठरेलच असे नाही, जो धीराने पाहत राहतो, त्यालाच आपली वेळ ओळखता येते.