आखूड झालेला दांडा

घाटात डांबर नवं होतं, त्या काळची गोष्ट. गेनबाच्या वडापच्या जीपमधला गिअरचा दांडा पार कंटाळला होता. पुढं ड्रायव्हरशेजारी तिघं कोंबलेले असायचे आणि दर वळणाला त्याला कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटत जावं लागायचं.

“मला आखूड कर बाबा,” तो एकदा म्हणाला. “एवढं लांब जाऊन यायचं आता होत नाही.”

गेनबाही वैतागलेलाच होता. त्यानं मेस्त्रीकडून दांडा कापून घेतला, खालचा सांधाही बदलला. आता मनगट जरा हललं की गिअर पडायचा.

“सुटलो!” दांडा म्हणाला.

“बघू,” पायाशी असलेला जुना क्लच म्हणाला.

दुसऱ्या सकाळी स्टँडवर गेनबानं पुढच्या सीटकडे पाहिलं. “अरे, इथं तर जागा झाली की! या मावशी, बसा पुढं.”

मावशी बसल्या, त्यांची पाटीही बसली. गुडघे पुन्हा दांड्याला भिडले. त्यात आखूड दांड्याला अंतर कमी पण जोर जास्त लागतो, म्हणून गेनबा आता त्याला हिसडा मारूनच ओढायचा.

संध्याकाळी क्लचनं विचारलं, “दमलास?”

“दमत तर आधीही होतो,” दांडा म्हणाला. “पण तेव्हा निदान गुडघ्यांवरून रस्ता तरी दिसायचा.”