पातळ चामड्याची हलगी

“मग वस्ताद, माझं हे दुखणं रक्तातून आलं का त्या विहिरीतून?” सर्जेरावानं विचारलं.

ज्ञानू वस्ताद हलगी पुसत बसले होते.

सर्जेराव त्यांचा शिष्य, माझ्यासारखाच. हलगीत त्याच्या तोडीचा कुणी नाही, आणि हे तोच सगळ्यांना सांगायचा. पण त्याचा आजा उदास होऊन अंथरुणाला खिळला, बापाचंही तसंच झालं. विहीर खोदताना दरड ढासळून भाऊ गेला, तेव्हापासून सर्जेरावही वर्षभर घुम्यासारखा बसून राहिला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंच्या औषधानं सावरला.

आज त्याच्या लेकीचं बारसं होतं. आत बायका पाळणा म्हणत होत्या, आत्याच्या पाठीत धपाटे घालून हसत होत्या. बाप मात्र बाहेर अंगणात. पोरीला त्यानं अजून मांडीवर घेतलं नव्हतं. आपलं दुखणं हिला लागेल, म्हणायचा.

वस्तादांनी हलगीवर टिपरू मारलं. भद्द आवाज आला.

“का रे अशी?”

“चामडं पातळ,” सर्जेराव ऐटीत म्हणाला. “त्यात ही श्रावणातली ओल. कोरड्या हवेत हीच खणखणेल. जाड चामडं असतं तर ओलीतही तगलं असतं. दोन्ही एकदम आलं, म्हणून बसली.”

“…मग टाकून देऊ?”

“टाकता कशाला? शेकायची.”

वस्तादांनी चिपाडं पेटवली आणि हलगी जाळापासून हातभर लांब धरली. आम्ही बघत राहिलो. बराच वेळ गेला. हलगी तशीच भद्द.

सर्जेरावाला बघवेना. वस्ताद म्हातारे झाले, शेकायचंही विसरले, असं तो माझ्याकडं बघून पुटपुटला.

“अहो, जवळ धरा की.”

“पातळ आहे. जळली म्हणजे?”

“हात हलता ठेवायचा. जळत नसती. आणा इकडं.”

त्यानं हलगी ओढून घेतली, जाळावर फिरवली, वाजवली. सगळी आळी खणखणली. आतल्या बायका पाळणा सोडून दाराशी आल्या.

त्यांच्यातून त्याची बहीण पोरीला घेऊन पुढं झाली. पोर रडत नव्हती. आवाज कुठून आला ते टकमक शोधत होती. बहिणीनं काही न विचारता ती भावाच्या हातात दिली.

सर्जेरावानं तिला धरलं खरं… पण दोन्ही हात ताठ, अंगापासून लांब.

वस्ताद पोट धरून हसले.

“सर्ज्या, एवढ्या लांबनं शेकत असतंय होय रे?”